लोक ऑनलाइन आणि मोबाईल बँकिंग का वापरायला लागतात (आणि काहीजण का टाळतात): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नात्यातल्या, ओळखीतल्या लोकांना बँकेचं ॲप सुरू करून द्यायचं काम बरीच वर्षं माझ्याकडेच येतं. शेजारी बसून, त्यांच्या हातात त्यांचाच फोन देऊन. त्यामुळे तेच तेच प्रश्न मला सारखे विचारले जातात, कधी वापरणारे विचारतात तर कधी बँकेत किंवा ॲप बनवण्याच्या कामात असलेले मित्र विचारतात की "लोक घेत का नाहीत गं हे?" म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतेय. माझं मत आधीच सांगते, बटणं दाबायला बहुतेकांना जमतं, अडतं ते एकाच ठिकाणी: चुकलं तर काय होईल आणि तेव्हा माझं कोण ऐकेल. याचं उत्तर ज्याला मिळालं तो वापरायला लागतो.

माणूस ऑनलाइन बँकिंगकडे मुळात वळतो कशामुळे?

काम होतं म्हणून, हे पहिलं कारण. 1989 मध्ये फ्रेड डेव्हिस नावाच्या अभ्यासकाने लोक कॉम्प्युटरवरच्या नव्या गोष्टी का स्वीकारतात याचं एक मॉडेल मांडलं, त्यात दोनच मुख्य प्रश्न होते: याचा मला उपयोग आहे का, आणि हे वापरायला सोपं वाटतंय का. पुढे बँकिंगवर जे असंख्य अभ्यास झाले त्यातले कितीतरी याच मॉडेलवर उभे आहेत. डेव्हिसच्या आकड्यांत उपयोगाचं वजन सोपेपणापेक्षा जास्त निघालं होतं आणि मला ते रोज दिसतं. ज्याला दर महिन्याला लांब राहणाऱ्या मुलाला पैसे पाठवायचेत तो कितीही किचकट ॲप असलं तरी शिकतो, आणि ज्याला महिन्यातून एकदाच पैसे काढायचेत त्याच्या फोनमध्ये देखणं ॲप तसंच पडून राहतं, उघडलंही जात नाही.

बहुतेकांची सुरुवात पैसे पाठवण्यापासून होत नाही, हेही लक्षात घ्या. आधी बॅलन्स बघतात. पगार जमा झाला का, चेक क्लिअर झाला का, कशाचे पैसे कट झाले. बघण्यात काही बिघडत नाही, म्हणून माणूस बघत बघत सवयीचा होतो आणि मग एक दिवस छोटी रक्कम पाठवून पाहतो.

सोपेपणाचं वजन कमी, तर मग लोक वैतागून ॲप का सोडतात?

कारण सोपेपणा सगळ्यात जास्त पहिल्या दिवशी लागतो, आणि नेमका पहिला दिवसच बहुतेक ठिकाणी सगळ्यात अवघड करून ठेवलेला असतो. कस्टमर नंबर टाका, बँकेत नोंदवलेलाच मोबाईल नंबर हवा, त्यावर ओटीपी येणार, तो आला की लॉगिनचा पासवर्ड बनवा, मग व्यवहारासाठी वेगळा पिन, मग कार्डाचा पिन मागणार, आणि या सगळ्यात माणसाला कळतच नाही की आत्ता समोर जो चौकोन आलाय तो यातलं नक्की काय मागतोय. तीनदा चुकलं की लॉक. लॉक झालं की शाखेत या. म्हणजे शाखेत जायला लागू नये म्हणून जे घेतलं त्यासाठीच शाखेत जायचं, आणि मग तो माणूस परत वर्षभर ॲपचं नाव काढत नाही. माझ्या अंदाजाने सर्वात जास्त लोक इथेच गळतात.

पासवर्ड ठरावीक दिवसांनी बदलायला लावणं हाही असाच एक जाच. अमेरिकेतल्या सरकारी मानक संस्थेने, म्हणजे निस्टने, 2017 च्या आपल्या मार्गदर्शनात सांगून टाकलं की पासवर्ड फुटल्याची काही खूण नसेल तर मुदत संपली म्हणून जबरदस्तीने बदलायला लावू नका, कारण लोक मग जुन्याच पासवर्डच्या शेवटी एक आकडा वाढवतात किंवा कागदावर लिहून ठेवतात. तरी अजून कितीतरी ठिकाणी ते चालूच आहे, आणि मला याचा खरंच राग येतो, कारण त्याची शिक्षा सगळ्यात आधी म्हाताऱ्या माणसांना होते.

फिंगरप्रिंट किंवा चेहरा दाखवून लॉगिन आल्यावर हा त्रास बराच कमी झाला. त्यावर लगेच येणारा प्रश्न म्हणजे माझ्या बोटाचा ठसा बँकेकडे जातो का. फोनमधल्या फिंगरप्रिंटने ॲप उघडत असाल तर साधारणपणे ठसा फोनमध्येच, वेगळ्या सुरक्षित भागात राहतो, ॲपला फक्त "जुळला" किंवा "नाही जुळला" एवढंच कळतं.

विश्वास नाही म्हणतात, तो नक्की कशावर नसतो?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण "विश्वास" या एका शब्दात चार-पाच वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. एक म्हणजे बँकेवरचा विश्वास, तो बहुतेकांचा असतोच, नाहीतर खातं ठेवलंच नसतं. दुसरा ॲपवरचा, म्हणजे हे खरं ॲप आहे की नकली. तिसरा नेटवर आणि फोनवर, मध्येच रेंज गेली तर पैसे गेले की राहिले. चौथा कायद्यावर, फसवणूक झाली तर पैसे परत मिळतील का. आणि पाचवा, ज्याबद्दल कोणी बोलत नाही, तो स्वतःवरचा.

माझी मावशी आयुष्यभर हिशोब चोख ठेवत आली, एक पैसा इकडचा तिकडे नाही. तिला मी ॲप दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "बँक चुकणार नाही गं, मी चुकेन." यावर "ॲप एकदम सेफ आहे" हे उत्तरच नव्हे, कारण तिने ते विचारलंच नव्हतं. अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्ये मांडलेली कल्पना इथे चपखल बसते: एखादी गोष्ट आपल्याला जमेल असं आतून वाटणं हे प्रत्यक्ष कौशल्याइतकंच कामाचं असतं, आणि ते वाटणं सगळ्यात जास्त कशाने येत असेल तर स्वतः एकदा करून जमल्याने येतं. दुसऱ्याने दहा वेळा समजावून तेवढं येत नाही.

त्यात पैशाच्या बाबतीत माणसाचं मन मुळातच सावध. कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये दाखवून दिलं की तेवढ्याच रकमेच्या फायद्याच्या आनंदापेक्षा नुकसानीचं दुःख जास्त टोचतं. आता एका बाजूला ठेवा अर्धा तास वाचणं आणि दुसऱ्या बाजूला आयुष्यभराची बचत जाण्याची अगदी लहानशी शक्यता. अशा वेळी माणूस शाखेतली रांग पसंत करतो त्यात अडाणीपणा कुठे आला?

पण ही भीती खरी आहे का, की उगाच?

खरी आहे. फसवणूक होते, मोठ्या प्रमाणावर होते, आणि हुशार शिकलेल्या लोकांचीही होते. फक्त लोकांना वाटतं की कोणीतरी हॅकर बँकेच्या सिस्टीममध्ये घुसेल, आणि होतं असं की कोणीतरी फोन करून घाबरवतो, बँकेतून बोलतोय म्हणतो, घाईघाईने ओटीपी काढून घेतो किंवा स्क्रीन दिसेल असं एखादं ॲप टाकायला लावतो, किंवा तुमच्याच नंबरचं दुसरं सिम काढून ओटीपी स्वतःकडे वळवतो. म्हणजे दार फोडत नाहीत, तुमच्याच हाताने उघडून घेतात. त्यामुळे "आमचं एन्क्रिप्शन मजबूत आहे" या जाहिरातीने घाबरलेल्या माणसाला काडीचा दिलासा मिळत नाही.

दिलासा देणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या करता येतात. पैसे पाठवण्याआधी समोरच्या खात्याचं नाव जुळतंय का ते दाखवणं, ही सोय ब्रिटनमधल्या मोठ्या बँकांनी 2020 मध्ये आणली. युरोपात 2019 पासून ऑनलाइन पेमेंटला दुहेरी ओळख बंधनकारक होत गेली, म्हणजे तुम्हाला माहीत असलेलं काही, तुमच्याजवळ असलेलं काही आणि तुमच्या शरीराचं काही, या तिघांतलं कुठलंही दोन. आणि मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे ऑक्टोबर 2024 पासून ब्रिटनमध्ये असा नियम आला की फसवून ग्राहकाकडूनच पैसे पाठवून घेतले गेले असतील तरी ठरावीक मर्यादेपर्यंत आणि काही अटींवर बँकेने ते परत द्यायचे, आणि तो बोजा पैसे पाठवणारी आणि पैसे जमा झालेली अशा दोन्ही बँकांनी वाटून घ्यायचा. असा नियम असला की बँकच दहा वेळा विचार करते आणि ग्राहकाची भीती नुसत्या शब्दांनी नाही, नियमाने कमी होते.

ऑनलाइन बँकिंग इतकं जुनं आहे म्हणतात, मग पसरायला एवढी वर्षं का लागली?

जुनं आहेच. 1981 मध्ये न्यूयॉर्कमधल्या चार मोठ्या बँकांनी घरबसल्या बँकिंग देऊन पाहिलं होतं. 1983 मध्ये ब्रिटनमध्ये होमलिंक नावाची सेवा आली, टीव्हीचा पडदा आणि टेलिफोनची लाइन जोडून बॅलन्स बघता यायचा, बिल भरता यायचं. वेबवर खातं दिसायला लागलं ते 1995 च्या आसपास, त्याच वर्षी अमेरिकेत फक्त इंटरनेटवर चालणारी बँकही निघाली.

मग अडलं कुठे? एव्हरेट रॉजर्स यांनी 1962 मध्ये नवी गोष्ट लोकांत पसरते कशी यावर लिहिताना पाच कसोट्या सांगितल्या: आधीपेक्षा फायदा किती, आपल्या चालीरीतीत बसतं का, किचकट किती, थोडं करून बघता येतं का, आणि दुसऱ्याला झालेला फायदा डोळ्यांना दिसतो का. 1981 ची सेवा या कसोट्यांवर लावून बघा. वेगळं यंत्र घ्यायचं, स्लो लाइन, महिन्याची फी, आणि शेजाऱ्याने घेतलंय का तेही कळायचं नाही. 1967 मध्ये लंडनमध्ये पहिलं एटीएम बसलं ते निदान रस्त्यावर होतं, येणारे जाणारे बघत होते की याने बँकेने दिलेला खास कागद घातला आणि नोटा आल्या. घरातल्या पडद्यावरच्या बँकिंगला तो फायदाच नव्हता. फोन हातात आले, ते सगळ्यांच्या हातात दिसायला लागले, तेव्हा हे गणित बदललं.

स्मार्टफोन आणि चांगलं नेट नसेल तर मोबाईल बँकिंग पसरूच शकत नाही का?

पसरतं, आणि याचं सगळ्यात मोठं उदाहरण केनिया. तिथे सफारीकॉम कंपनीने 2007 मध्ये एम-पेसा सुरू केलं, साध्या बटणाच्या फोनवर, सिमकार्डातल्या मेनूमधून, इंटरनेट नाहीच. तरी ते इतकं पसरलं की जगभरचे अभ्यासक बघायला जायला लागले.

मला त्यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या वाटतात. एक, सुरुवातीच्या जाहिरातीत त्यांनी एकच काम सांगितलं, घरी पैसे पाठवा. शहरात कमावणारा आणि गावात घर असलेला कुठलाही माणूस हे ऐकून थांबणारच. आपल्याकडची ॲपं उघडली की पहिल्याच पानावर वीस चौकोन, कर्ज, विमा, ऑफर, आणि पैसे पाठवायचं बटण शोधत बसायचं. दुसरी गोष्ट म्हणजे एजंट. पैसे टाकायला आणि काढायला समोर एक जिवंत माणूस होता, त्याच्यासमोर रोख द्यायची आणि लगेच फोनवर मेसेज बघायचा. नवीन गोष्टीची भीती त्या ओळखीच्या माणसाने सोसली.

वय झालं की लोक वापरत नाहीत, हे खरं ना?

अर्धवट खरं. वयाचा परिणाम अभ्यासांत दिसतो, 2003 मध्ये वेंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात याचं जे मोठं एकत्रित मॉडेल केलं त्यातही वय, लिंग, अनुभव आणि स्वेच्छा यांनी बाकीच्या कारणांचं वजन कमी-जास्त होतं असं मांडलंय. पण वय म्हणजे नक्की काय ते बघा ना. कमी दिसणं, बोटं थरथरणं, आठवण कमी होणं, आणि नवीन कमाई नसल्यामुळे गेलेला पैसा परत न येण्याची धास्ती. यातल्या निम्म्या गोष्टी ॲप बनवणाऱ्यांच्या हातात आहेत. वेबवर सर्वांना वापरता यावं म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत त्यात साध्या मजकुराचा रंग आणि मागचा रंग यात निदान 4.5 ला 1 एवढा फरक हवा असं 2008 पासून लिहिलंय, आणि 2023 च्या आवृत्तीत तर बटणांचा किमान आकार आणि लॉगिन करताना आठवणीवर ताण नको हेही आलंय. तरी फिकट राखाडीवर पांढरी अक्षरं चालूच. मग दोष वयाला.

घरातले, मित्र वापरतात म्हणून माणूस वापरायला लागतो का?

हो, विशेषतः सुरुवातीला. पण "सगळे वापरतात" या दबावाने माणूस ॲप फक्त टाकतो. वापरायला लागतो तो जेव्हा जवळचं कोणीतरी अडल्यावर फोन उचलतं तेव्हा. वेंकटेश यांच्या मॉडेलमध्ये या दोन गोष्टी वेगळ्याच धरल्यात, लोकांचं म्हणणं एक आणि मदतीची सोय दुसरी.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. बऱ्याच घरांत फोन एक आणि वापरणारे चार, किंवा बाईच्या खात्याचे मेसेज दुसऱ्याच्याच फोनवर जातात. तिथे "ती ॲप वापरत नाही" म्हणणं चुकीचं, कारण स्वतःचे पैसे स्वतःपुरते ठेवायचे असतील तर तिच्यासाठी शाखाच जास्त सुरक्षित असते. आणि मुलाने आईचा पिन लक्षात ठेवून तिचे सगळे व्यवहार परस्पर करणं याला मी तरी आईने ऑनलाइन बँकिंग स्वीकारलं असं म्हणणार नाही.

कॅशबॅक, बक्षिसं यांनी फरक पडतो का?

पहिल्यांदा उघडायला पडतो. टिकायला फारसा नाही.

2020 मध्ये साथीमुळे सगळे ऑनलाइन आलेच की. मग आता प्रश्न कुठे उरला?

आले, कारण दुसरा मार्ग बंद होता. शाखा अर्धवेळ, रोख हाताळायची भीती, त्यामुळे वर्षानुवर्षं टाळणाऱ्यांनीही तेव्हा शिकून घेतलं. ज्यांना त्या काळात घरात कोणी शेजारी बसून शिकवलं ते बहुतेक नंतरही वापरत राहिले असं मी माझ्या आजूबाजूला पाहिलं. ज्यांना एकट्याने, घाबरत, अडल्यावर कस्टमर केअरचं तेच तेच संगीत ऐकत करावं लागलं ते शाखा उघडल्या तशा परत गेले. म्हणून शाखा बंद केल्या की लोक आपोआप ॲपवर येतील हा बँकांचा हिशोब मला मान्य नाही. काहीजण येतात, काहीजण दुसऱ्याच्या हातात पिन देऊन मोकळे होतात, आणि ते जास्त धोक्याचं.

एकदा सुरू करून मग सोडून देणारे का सोडतात?

2001 मध्ये भट्टाचार्जी यांचा एक अभ्यास आला, तो ऑनलाइन बँकिंग वापरणाऱ्यांवरच होता आणि मला फार पटतो. म्हणणं असं की सुरू करायची कारणं वेगळी आणि चालू ठेवायची वेगळी. चालू ठेवणं अवलंबून असतं ते आधी जे वाटलं होतं तसा अनुभव आला का आणि त्यातून समाधान मिळालं का यावर. म्हणजे "दोन मिनिटांत खातं सुरू" असं सांगून दोन दिवस लागले तर माणूस दुखावतो, आणि "दोन दिवस लागतील" सांगून एका दिवसात झालं तर तोच खूश.

माझ्याच बाबतीत झालेलं सांगते. एकदा पैसे पाठवले, माझ्या खात्यातून गेले, समोर पोचले नाहीत, ॲपवर नुसतं "पेंडिंग". पाच दिवस. बँकेकडे फोन केला की दरवेळी नवीन माणूस, दरवेळी पहिल्यापासून गोष्ट. पैसे शेवटी परत आले, पण त्या पाच दिवसांत कोणी एकदा जरी सांगितलं असतं की अमुक तारखेपर्यंत परत येतील, नाही आले तर या नंबरवर विचारा, तरी माझी झोप गेली नसती. व्यवहार अडकणं एकवेळ चालतं हो, त्याबद्दल कोणीच काही न सांगणं चालत नाही. त्या बँकेचं ॲप मी नंतर बरेच महिने फक्त बॅलन्स बघायला उघडलं.

घरातल्या मोठ्या माणसाला शिकवायचंय. सुरुवात कशी करू?

फोन त्यांच्याच हातात राहू द्या, तुम्ही घेऊ नका, कितीही वेळ लागला तरी. पहिले काही दिवस फक्त बॅलन्स. मग पाठवायची रोजची मर्यादा ॲपमध्ये जाऊन अगदी खाली आणा, बऱ्याच ॲपमध्ये ही सोय असते आणि फारच थोड्यांना माहीत असते, म्हणजे चूक झालीच तरी किती मोठी होऊ शकते हे त्यांना आधीच ठाऊक राहतं. जमलं तर मोठी बचत वेगळ्या खात्यात आणि ॲपला रोजच्या वापराचं खातं जोडायचं. मग तुम्हालाच एक अगदी छोटी रक्कम पाठवायला सांगा आणि तुमच्या फोनवर आलेला मेसेज त्यांना दाखवा. कार्ड किंवा खातं ताबडतोब ब्लॉक कसं करायचं ते त्याच दिवशी करून दाखवा, आणि बँकेचा तक्रारीचा नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून द्या, पिन मात्र लिहून देऊ नका. कोणाचाही फोन आला आणि तो घाई करायला लागला की काही न बोलता कट करायचा, उद्धटपणा वाटला तरी चालेल, हे दोन-तीनदा सांगा.

मावशीबरोबर मी हेच केलं. चार वेळा बसलो. चौथ्या वेळेला तिने स्वतः पैसे पाठवले, मेसेज आला, तिने वहीत तारीख-वार लिहून घेतलं आणि मला म्हणाली, आता पुढच्या महिन्यात तू नको येऊस, मी करून बघते आणि अडलं तरच फोन करीन. पुढच्या महिन्यात तिचा फोन आलाच नाही, मी न राहवून केला, तर दोन दिवसांपूर्वीच पाठवून झाले होते.